घरच्या काकवीत तळाला गाळ आणि कडवट-आंबूस चव: नेमकं कुठं चुकतंय?

प्राजक्ता_दहिसर

सहा लिटर उसाच्या रसाची काकवी केली. रस नाक्यावरच्या रसवंतीतून सकाळी अकराला आणला. बर्फ आणि मसाला नको म्हणून सांगितलं होतं, पण लिंबू आणि आलं उसाबरोबर चरकातून गेलंच. उकळायला ठेवेपर्यंत साडेतीन वाजले. चहाच्या गाळणीनं गाळून लोखंडी कढईत मोठ्या आचेवर ठेवला, फेस येईल तसा ढवळून आत जिरवला आणि थर्मामीटर १०६ दाखवायला लागल्यावर उतरवला. मग जुन्या सुती ओढणीच्या दुहेरी घडीतून गाळला. पहिली वाटीभर भराभर गेली, नंतर कापड तुंबलं, शेवटी पिळून काढावं लागलं.

चार दिवसांनी बाटलीच्या तळाला बोटभर करडा गाळ बसलाय. रंग काळपट आहे, गिळल्यावर घशात कडवट लागतं आणि किंचित आंबूसही.

गाळायला नेमकं काय वापरावं? कॉफीचा फिल्टर पेपर चालेल का? मेपल सिरप गाळायच्या जाड नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) शंकूसारख्या पिशव्या ऑनलाइन मिळतात, त्या काकवीला लागू पडतील का? आणि ही कडवट चव गाळण्यामुळे आली की उकळण्यामुळे?

काहील_आणि_झारा

प्राजक्ताताई, कापडाचा विचार नंतर करू. फेस ढवळून आत जिरवला, तिथंच काकवी गढूळ झाली. गुऱ्हाळावर त्या फेसाला मळी म्हणतात आणि गुळव्याचं निम्मं कसब ती काढण्यातच असतं. कच्च्या रसात चिपाडाचा बारीक भुसा, उसाच्या सालीवरचं मेण, माती आणि प्रथिनं असतात. रस तापला की प्रथिनं गोठतात आणि बाकीचा कचरा पोटात घेऊन वर तरंगतात. ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान त्याची हिरवट-करडी जाड साय धरते. ही साय उकळीनं किंवा डावानं एकदा फुटली की तिचे इतके बारीक कण होतात की घरातलं कुठलंच कापड ते अडवत नाही. पुढे काकवी दाट झाली की ते अडकून राहतात आणि बाटलीत सावकाश खाली बसतात. तुमचा करडा गाळ बहुतेक तोच आहे.

म्हणून गाळण्याची खरी वेळ रस पातळ असतानाची. सहा लिटरचा हिशेब देतो.

आदल्या रात्री किंवा निदान दोन तास आधी ७०-७५ ग्रॅम भेंडी (मध्यम आकाराच्या पाच-सहा) चिरून ठेचा आणि ३०० मिली पाण्यात भिजत ठेवा. हातानं कुस्करून गाळलं की तार धरणारं बुळबुळीत पाणी मिळतं. गुऱ्हाळावर यासाठी रानभेंडीची खोडं ठेचून वापरतात, घरी भाजीची भेंडी चालते. भेंडीचा हा चिकट अंश रसातले सुटे कण एकमेकांना बांधतो. रस कोमट झाला की निम्मं पाणी घाला, ८० अंशांच्या सुमाराला उरलेलं. दोन वेळा हळूच ढवळायचं आणि मग डाव बाहेर ठेवायचा.

आता आच मध्यम. ८० पासून ९५ पर्यंत जायला पंधरा-वीस मिनिटं लागू द्या. सायीला कडेकडेनं चिरा पडतात आणि फटीतून खालचा नितळ पिवळसर रस दिसायला लागतो. ती चीर दिसली की आच एकदम बारीक करून झाऱ्यानं कडेपासून मधे असं साय ओढत उचला. झारा बारीक भोकांचा हवा, पुरी तळायचा मोठ्या भोकांचा नको. पहिली मळी जाड निघते. परत आच वाढवली की दुसरी येते, ती पातळ आणि पांढरट असते. तीही काढा. खळखळून उकळी येऊ द्यायची ती यानंतर.

मळी निघाली की लगेच, रस गरम आणि पाण्यासारखा पातळ असतानाच, चौपदरी मलमलीतून गाळा. सहा लिटर पाच-सात मिनिटांत जातात. पातेलं घासून रस पुन्हा आचेवर चढवा, आता आच मोठी. सुमारे १०२ अंशांवर, म्हणजे मूळ रसाचा तिसरा हिस्सा उरतो तेव्हा, दुसऱ्यांदा गाळा. शेवटचं गाळणं फक्त बाटलीत भरताना, एकपदरी कापडातून.

चवीचं म्हणाल तर तुमच्याकडे तीन दोष एकत्र आलेत.

कडवटपणा लिंबाचा आहे. चरकात लिंबू सालीसकट चिरडलं जातं, साल आणि बी दोन्ही कडू. ताज्या रसाच्या पेल्यात ते जाणवत नाही. रस आटून चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आला की कडूपणाही तितकाच घट्ट होतो. रसवाल्याला सांगताना “लिंबू-आलं न घालता, आणि आधी चरकातून नुसताच एक ऊस काढून मग माझा रस” असं सांगा, म्हणजे रुळांना लागलेलं आधीचं लिंबू धुऊन जातं. शिवाय ऊस दुमडून तिसऱ्या-चौथ्यांदा पिळतात तेव्हा सालीतलं मेण आणि रंग जास्त उतरतो. थोडे पैसे जास्त द्यावे आणि पहिल्या दोन पिळांचाच रस घ्यावा.

काळपट रंग लोखंडाचा. आंबट रस, उसातली तुरट द्रव्यं आणि लोखंड एकत्र आलं की शाईसारखा काळा रंग धरतो, जिभेवर धातूची चव राहते. गुऱ्हाळावरची काहील (रस आटवायची मोठी पसरट कढई) लोखंडी असते हे खरं, पण तिच्यात रस शेकडो लिटर असतो. एवढ्या रसाच्या मानानं पत्र्याचा स्पर्श फार कमी, आणि त्या रसात लिंबूही नसतं. घरी जाड बुडाचं पसरट स्टीलचं पातेलं घ्या. कल्हई नसलेलं पितळ-तांबं नको, ॲल्युमिनियमही नको.

आंबूसपणा त्या साडेचार तासांचा. मुंबईच्या उकाड्यात उघडा रस तासा-दोन तासांत फिरायला लागतो. जिवाणू साखरेचं आम्ल करतात, काही जाती तर चिकट बुळबुळीत द्रव्य तयार करतात, त्यानं रस गाळायलाही जड होतो. तुमचं कापड तुंबण्यात त्याचाही हात असेल. रस घरी आला की थेट गॅसवर. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी रस आणूच नये. एकदा आलेला आंबटपणा उकळून जात नाही.

निवळी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. चुन्याबद्दल कुणी तरी विचारेलच, म्हणून लिहिते.

ताज्या रसाचा पीएच साधारण ५.२ ते ५.४ असतो. चुन्यानं तो ६ ते ६.४ वर आणला की मळी घट्ट धरते आणि साखर फुटायचं (तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होण्याचं) प्रमाण कमी होतं. घरी करायचं असेल तर खायच्या चुन्याचा चमचाभर गोळा लिटरभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची नितळ निवळी तेवढी घ्या. रस कोमट असताना १००-१०० मिली घालत दर वेळी पीएचच्या कागदी पट्टीवर थेंब टाकून बघा. ६.४ ला थांबायचं म्हणजे थांबायचं. पुढे गेलात तर रसातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कलीत मोडतं, काकवी लालसर काळी होते आणि साबणासारखी चव येते. शिवाय जास्तीचे कॅल्शियमचे क्षार आटताना बाहेर पडून तळाला बसतात, म्हणजे गाळ टाळायला घातलेल्या चुन्यानंच गाळ वाढतो. माझं मत विचाराल तर रस तासाभरात उकळणार असाल तर पहिल्या दोन-तीन वेळा चुना घालूच नका. भेंडी आणि झारा पुरेसे आहेत.

रंग उजळायला हायड्रोस (रंग उडवणारी गंधकयुक्त पावडर) घालायचा सल्ला कुठंही वाचलात तर सोडून द्या. गंधकाचा वास मागे राहतो आणि खाण्याच्या वस्तूत ते नकोच.

आता १०६ या आकड्याबद्दल. थर्मामीटर आधी नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून तो काय दाखवतो ते लिहून ठेवा. मुंबईत १०० यायला हवा, पावसाळ्यात हवेचा दाब उतरला की अर्धा अंश खाली. स्वस्तातले थर्मामीटर दोन अंश सहज चुकतात आणि काकवीत दोन अंश म्हणजे पातळ आणि दाट यांच्यातलं अंतर. तुमच्या थर्मामीटरवर पाणी जिथं उकळतं त्याच्यापेक्षा ६ ते ७ अंश वर गेलं की उतरवा. गुळाच्या पुस्तकांतला १०५-१०६ चा आकडा आंधळेपणानं घेऊ नये याला आणखी एक कारण आहे: कोल्हापूर सुमारे ५७० मीटर उंचावर आहे, तिथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथला १०६ आणि मुंबईचा १०६ यांत दाटपणाचा फरक पडतो, इथली काकवी पातळ उतरते.

पक्की खात्री वजनानं होते. काचेची बाटली रिकामी काट्यावर ठेवून काटा शून्य करा, २५० ग्रॅम पाणी ओता, पातळीला खूण करा. बाटली पूर्ण कोरडी करून त्याच खुणेपर्यंत थंड झालेली काकवी भरा. वजन ३३७ ते ३४३ ग्रॅम भरलं तर काकवी ७० ते ७४ ब्रिक्सच्या (दर शंभर ग्रॅममधली विरघळलेली साखर, ग्रॅममध्ये) आसपास आहे, नेमकी हवी तशी. ३३० च्या खाली असेल तर महिन्याभरात वर फेस धरून दारूसारखा वास येईल, परत आटवावी लागेल. ३४६ च्या वर गेली तर तळाला साखरेचे खडे जमतील.

खडे जमू नयेत म्हणून किलोला ०.४ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालायची शिफारस आहे. एवढंसं घरच्या काट्यावर मोजता येत नाही. ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा आणि त्यातलं ८ मिली दर किलो काकवीला घाला. सहा लिटर चांगल्या रसाची काकवी दीड किलोच्या जवळपास होते, म्हणजे १२ मिली. हे अगदी शेवटी, पाण्याच्या उकळीपेक्षा चारेक अंश वर गेल्यावर घालायचं. लिंबू सुरुवातीला पडलं तर दोन तास आम्लात उकळून साखर नको तितकी फुटते आणि रंग गडद होतो.

परळचा_पंचा

कापडाचं मी सांगतो, कारण काकवीला येणारा कुबट वास नव्वद टक्के वेळा कापडातून येतो आणि लोक उसाला दोष देतात.

ओढणी नको. कपड्यांबरोबर धुतलेल्या कापडात साबण आणि सुवासिक कंडिशनर मुरलेला असतो, गरम काकवी तो सगळा ओढून घेते. मुंबईच्या मंगलदास मार्केटात पांढरी, बिनरंगाची मलमल मीटरवर मिळते. नवीन कापडाला खळ असते. ती काढायला कापड साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, पाणी फेका, परत उकळा, पाणी पिठूळ दिसेनासं होईपर्यंत. खळ राहिली तर काकवी धुरकट दिसते आणि कापडाची छिद्रंही लवकर बुजतात.

वापरायच्या आधी कापड उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळायचं. कोरडं कापड पहिली वाटीभर काकवी पिऊन टाकतं, थंड कापडावर काकवी गोठल्यासारखी जड होते. गाळताना काकवी ८५ अंशांच्या वर हवी. त्याखाली दाटपणा झपाट्यानं वाढतो. कापड चाळणीत नुसतं पसरू नका. चार कोपरे स्टुलाच्या उलट्या पायांना बांधून झोळी करा, खाली पातेलं ठेवा, वर ताट झाका.

आणि पिळायचं नाही. ही चूक सगळे करतात. पिळल्यावर कापडाचे धागे सरकतात आणि अडवलेला सगळा गाळ खालच्या पातेल्यात जातो. तुंबलं तर चमच्यानं खरवडू नका, झोळी बाजूला घेऊन दुसरी, आधीच गरम केलेली झोळी लावा. दोन झोळ्या तयार ठेवूनच बसा. अडकलेली काकवी वाया जाऊ नये म्हणून कापड गरम पाण्यात खळबळवा, ते गोड पाणी त्याच दिवशी सरबतात संपवा.

धुताना फक्त कढत पाणी, साबण अजिबात नाही. उन्हात कडकडीत वाळवून घट्ट डब्यात ठेवा. जून ते सप्टेंबर मुंबईत कापड वाळलेलं वाटतं पण वाळत नाही. इस्त्री फिरवा, नाहीतर पुढच्या वेळी बुरशीचा वास थेट काकवीत.

कॉफीचा पेपर विसरा. कॉफी पाण्यासारखी पातळ, काकवी मधासारखी. दोन मिनिटांत पेपर बुजतो आणि ओला पेपर वजनानं फाटतो.

मेपलच्या शंकूबद्दल: मेपलच्या झाडाच्या रसात साखर २ टक्क्यांच्या आसपासच असते, ४० लिटर आटवून लिटरभर सिरप होतं. इतकं पाणी आटताना रसातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट, रवाळ वाळूसारखे बाहेर पडतात आणि तो जाड नमदा ही वाळू धरण्यासाठी असतो. त्यांचं सिरपही पाण्याच्या उकळीपेक्षा फक्त चार अंश वर, ६६-६७ ब्रिक्सवर उतरवतात, म्हणजे काकवीहून पातळ. काकवीतला गाळ वाळूसारखा नसून मऊ आणि मेणचट असतो, तो नमद्यावर लेप धरतो. शंकू आधीच घेतला असेल तर १०२ अंशांच्या गाळण्याला वापरा, आत मलमलीचं अस्तर घालून. शेवटच्या दाट काकवीला तो लावू नका. मुद्दाम विकत घ्यायची गरज नाही.

प्राजक्ता_दहिसर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका आहेत. ही झालेली सव्वा किलो काकवी सुधारता येईल का? आणि मोठ्या आचेवर ठेवल्यावर शेवटी ती एकदम उतू जायला लागते, तेव्हा काय करायचं?

काहील_आणि_झारा

उतू जाणं आधी घेतो. १०२-१०३ नंतर मोठे बुडबुडे जाऊन बारीक, चकचकीत, एकमेकांना चिकटलेले बुडबुडे येतात आणि फेस तिप्पट वर चढतो. पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं नकोच. चढायला लागलं की आच कमी करून तुपाचे किंवा शेंगदाणा तेलाचे तीन-चार थेंब टाका, फेस बसतो. तेल ताजं हवं. जुन्या तेलाचे चार थेंबही दीड किलोला खवट वास देतात, आणि चमचाभर घातलं तर वर तवंग दिसतो. या टप्प्यापासून आच मध्यमच ठेवा आणि उलथन्यानं तळ सतत खरवडत राहा. ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर आली तर कडेला लागलेला पातळ थर करपतो आणि तो वास सगळीकडे उतरतो. काकवीचा थर दोन बोटांपेक्षा कमी उरणार असेल तर शेवटी लहान पातेल्यात काढून घ्या. झारा आडवा धरल्यावर थेंब सुटे न पडता दोन-तीन थेंब एकमेकांत मिसळून कडेला पडदी धरून ओघळले, की थर्मामीटर बघायची वेळ झाली.

झालेल्या काकवीबद्दल: आधी तळाचा चिमूटभर गाळ चमच्यात घेऊन कढत पाण्यात ढवळा. विरघळला तर ते साखरेचे खडे, बाटली गरम पाण्यात उभी ठेवली की जातील. न विरघळता पाणी गढूळ झालं तर ती मळी. तुमच्या वर्णनावरून मळीच वाटते. मग बाटली आठ-दहा दिवस अजिबात न हलवता ठेवा. काकवी नेहमीच एवढी स्थिर ठेवून मगच कायमच्या बाटल्यांत भरायची असते. नंतर बाटली न कलंडवता, स्वच्छ नळीनं वरची नितळ काकवी काढून घ्या. तळाच्या उरलेल्या भागात तिसरा हिस्सा पाणी घालून ९० अंशांपर्यंत तापवा, वर येईल ती साय काढा, गाळा आणि परत आटवा. त्यानं गाळ जाईल. लिंबाचा कडवटपणा आणि आंबूस चव मात्र जाणार नाही. ती काकवी नुसती पोळीशी खाण्यापेक्षा चिंचगुळाच्या आमटीत किंवा चटणीत घाला, तिथं आंबट-कडू झाकलं जातं.

निवळी

भरण्याबद्दल राहिलं. बाटल्या काचेच्या, उकळून ओव्हनमध्ये किंवा उन्हात पूर्ण कोरड्या केलेल्या. काकवी ८५ अंशांच्या वर असताना गळ्यापर्यंत भरून झाकण लावा आणि बाटली दोन मिनिटं आडवी ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही त्या उष्णतेत निघते. अर्धवट भरलेल्या बाटलीत झाकणाखाली वाफेचे थेंब जमतात, ते वरच्या थरावर पडून तो पातळ होतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. आठ-दहा दिवस स्थिर ठेवून भरणार असाल तर भरायच्या आधी काकवी पुन्हा ८५ पर्यंत तापवायची. टिकवण्यासाठी घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घरच्या वापराला नको. दमा असलेल्यांना ते बाधू शकतं, आणि दाटपणा बरोबर असेल तर त्याची गरजही पडत नाही.

परळचा_पंचा

उसाबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. मुंबईत रसवंत्या सर्वांत जास्त चालतात त्या मार्च ते मे, पण तेव्हा उन्हात दिवसेंदिवस पडून राहिलेला ऊसही बराच येतो. काकवीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गाडीवर मोळी उभी असते तिथं कापलेली टोकं बघा: पांढरी-ओलसर असली तर ताजा, तपकिरी होऊन सुकलेली असली तर दोन-तीन दिवसांचा. शेंड्याकडचा भाग काढून टाकायला सांगा, त्यात साखर कमी आणि क्षार जास्त, काकवी खारट होते. आणि एक कांडं उभं चिरून दाखवायला सांगायला संकोच करू नका. आत लाल पट्टा, त्यावर आडवे पांढरे ठिपके आणि दारूसारखा आंबट वास असला तर त्या उसाला लाल कूज लागलेली आहे. तसा एक ऊस जरी चरकात गेला तरी रस घेऊ नका.